अक्कासाठी फायरप्लेस

भालचंद्र पेठे नोकरीत होते तेव्हा रिफायनरीतल्या भट्ट्यांची डिझाइन्स करायचे. घराएवढ्या उंच भट्ट्या, आणि आतली आग बघायला तळहाताएवढी काचेची खिडकी. पण स्वतःच्या घरात हा माणूस ऑक्टोबर सरता सरता कानटोपी चढवायचा, ती थेट एप्रिलमध्ये उतरवायचा. घरातला थर्मोस्टॅट अठरावर. तो वर सरकवणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आम्ही कॅनडात एडमंटनला आलो ते त्यांच्या बेसमेंटमध्ये भाडेकरू म्हणून. मी, माझा नवरा निखिल आणि नुकती चालायला लागलेली आमची ईरा. पहिल्याच आठवड्यात मी कुडकुडत वर गेले आणि हीट जरा वाढवता येईल का म्हणून विचारलं. काकांनी मला बसवलं, आल्याचा चहा दिला, आणि उठून थर्मोस्टॅट बावीसवर नेला.

"मेधा, थंडी इथे पाहुणी म्हणून येत नाही," ते म्हणाले. "ती मालकीण आहे. आपण सगळे तिचे भाडेकरू."

त्या दिवसापासून घर बावीसवर राहिलं. त्यांनी स्वतःच्या खोलीत येणारी गरम हवेची झडप मात्र बंद करून टाकली होती, हे मला फार उशिरा कळलं.

काका अविवाहित होते. का, ते कुणी विचारलं तर म्हणत, "राहून गेलं." हे दोन शब्द त्यांच्या तोंडी कायम असत. स्केटिंग शिकायचं राहून गेलं. रॉकीज इतक्या जवळ असून हिवाळ्यात एकदाही बघायचं राहून गेलं. त्यात तक्रार नसे. पावसाळ्यात छत्री घरी राहून जावी तसं ते म्हणायचे. एकोणीसशे सत्तरच्या आसपास ते इथे आले, एका कंपनीत लागले, त्याच कंपनीतून रिटायर झाले. घर एकच, गल्ली एकच. शेजारी तेवढे बदलत गेले.

बर्फ पडायचं थांबलं की काका बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन बाहेर. वयाची पंचाहत्तरी उलटली होती, पण आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. निखिलनं एकदा पहाटे उठून आधीच शोव्हल करून ठेवलं, तर काका दिवसभर हिरमुसले. शेवटी संध्याकाळी बाहेर जाऊन त्यांनी वाटेच्या दोन्ही कडा फावड्यानं सरळ कापून काढल्या, मग त्यांचा जीव थाऱ्यावर आला. मंडळाच्या गणपतीला ते न चुकता यायचे. शेवटच्या ओळीत बसायचे, प्रसाद घ्यायचे, कार्यक्रम संपला की खुर्च्या घडी करून भिंतीला लावायचे आणि ग्रूप फोटो सुरू व्हायच्या आत निघून जायचे. इतक्या वर्षांच्या फोटोंत काका कुठे दिसत नाहीत. पण त्या सगळ्या खुर्च्या त्यांनी उचललेल्या असत.

त्यांचं जे काही नात्याचं म्हणून होतं, ते नागपूरला होतं. मालतीअक्का. काकांहून आठ वर्षांनी मोठी बहीण. आई लवकर गेली, वडील फिरतीवर. काकांना अक्कानं वाढवलं. भाऊ इंजिनियर होईपर्यंत तिनं आपलं लग्न लांबवलं. पुढे तिलाही मूलबाळ झालं नाही आणि नवरा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून गेला. आता ती धरमपेठेतल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटी आणि हा इथे एकटा. रोज सकाळी, म्हणजे तिच्या रात्रीच्या जेवणानंतर, दोघांचा व्हिडिओ कॉल चाले. आमच्याशी बोलताना काकांची भाषा शुद्ध, मध्ये मध्ये इंग्रजी. अक्काचा फोन लागला की तेच काका "काय करून राहिली गं?" म्हणत आणि आवाज चांगला दोन पट्ट्या वर चढे. छताच्या लाकडातून तो आम्हाला खाली ऐकू यायचा. ईरा तर बोटं नाचवत "काका is talking to अक्का" अशी रोज बातमी द्यायची.

अक्काला एकदा तरी कॅनडाला आणायचं, हे त्यांच्या 'राहून गेलं'मधलं सगळ्यात मोठं. आधी तिच्या सासूबाई, मग नवऱ्याचं आजारपण. ती मोकळी झाली तेव्हा व्हिसा नाकारला गेला. एकदा नाही, दोनदा. आईवडिलांना बोलवायला इथे वेगळी सोय आहे, बहिणीला नाही. "तिनं मला वाढवलं हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" असं काका एकदा मला म्हणाले होते. तिसऱ्यांदा अप्लाय केलं आणि उन्हाळ्यात तिचा व्हिसा मंजूर झाला. मी कामावरून आले तर काका ड्राइव्हवेत उभे. मला बातमी सांगितली आणि पुढचं वाक्य हे, की आता फायरप्लेस बसवायला हवी.

मला वाटलं, गंमत करतायत. आयुष्यभर हा माणूस फायरप्लेसला नावं ठेवत आला होता. लाकडाची असेल तर घरातली उबदार हवा ती धुराड्यातून बाहेर ओढते, आणि गॅसची असेल तर ती निव्वळ देखावा, हे त्यांचं भाषण आम्हाला पाठ होतं. पण अक्का येणार होती डिसेंबरात, कारण तिला बर्फ बघायचा होता. आणि काकांच्या बैठकीच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. तिथे बसलं की पायांना गार लागे.

"घर तापवायला फर्नेस आहे ना काका," निखिल म्हणाला.

"फर्नेस हवा गरम करते," काका म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा लागते. इथे बस, असं म्हणता आलं पाहिजे."

मग सुरू झाली निवड. हिवाळ्याच्या आधी इथल्या दुकानांमध्ये एका रांगेत दहा-बारा फायरप्लेस पेटवून ठेवलेल्या असतात. काकांना मी शनिवारी सकाळी गाडीनं घेऊन जायचे. ते प्रत्येकीसमोर खुर्ची ओढून बसत, फोनवरून अक्काला लावत आणि कॅमेरा आगीकडे वळवत. तिकडे नागपुरात अक्का झोपायची थांबून, चष्मा लावून, एकेक आग तपासून बघे.

पहिली होती नव्या फॅशनची, भिंतीत लांबलचक फट आणि तळाशी काचेचे खडे. "हे काहून असं दुकानासारखं दिसून राहिलं?" अक्का म्हणाली. दुसरीची ज्योत निळसर. ती म्हणाली, हा तर आपला स्वयंपाकाचा गॅस, याच्यासमोर बसून मी काय पोळ्या लाटू? तिसरी विजेची होती, नुसता उजेड हलायचा. तिच्याकडे अक्कानं क्षणभर पाहिलं आणि पुढची दाखव म्हणाली. सेल्समन आधी चक्रावला होता, मग त्यालाही मजा वाटायला लागली. तो काकांच्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघत "What does she say?" असं विचारायचा आणि मी त्याला सांगायचे.

काकांचे स्वतःचे निकष वेगळे. डायरेक्ट व्हेंट हवी, म्हणजे आगीला लागणारी हवा बाहेरूनच आत येते आणि धूरही दुहेरी पाइपातून बाहेरच जातो, खोलीतल्या हवेला धक्का लागत नाही. वीज गेली तरी चालली पाहिजे. आणि त्यांनी सेल्समनला एक प्रश्न विचारला, जो त्याला बहुधा आधी कुणी विचारला नसावा: समोरच्या काचेला साडीचा पदर लागला तर काय होईल? काच किती तापते, अक्का बसताना पदर कसा सोडते, उठताना कुठे हात टेकते, हे सगळं काकांनी त्याला उभं राहून, खांद्यावर मफलर टाकून करून दाखवलं. सेल्समननं न हसता काचेपुढे लावायची बारीक जाळी आणून दाखवली. काकांनी जाळीला तळहात लावून बघितला, बराच वेळ ठेवला, मग मान हलवली.

चौथ्या दुकानात एक सापडली. साधी, चौकोनी, आत लाकडासारखे दिसणारे मातीचे ओंडके आणि त्यांच्यामधून वर येणारी पिवळी, जराशी वेडीवाकडी ज्योत. काकांनी फोन समोर धरला. तिकडे चष्मा पुसून पुन्हा लावला गेला. मग अक्का म्हणाली, "हेच घे, भालू. लाकडं खोटी आहेत, पण विस्तव खरा आहे."

बसवायला गुरमीत नावाचा गॅस फिटर आला. मधल्या वयाचा, जाड मिशांचा, कामाला बसला की गुणगुणणारा. काकांनी त्याच्यासाठी भिंतीवर पेन्सिलीनं आखणी करूनच ठेवली होती. त्या दोघांचं हिंदीत जोरदार वाजलं ते व्हेंटच्या जागेवरून. बाहेरच्या भिंतीवर धूर सोडणारं तोंड खिडकीपासून लांब हवं आणि साचलेल्या बर्फाच्या वरही राहायला हवं. गुरमीत म्हणे इथे, काका म्हणत अजून वीतभर वर. "बाउजी, मैं ये काम रोज करता हूँ," गुरमीत म्हणाला. काका म्हणाले, बेटा, या भिंतीशी बर्फ किती साचतो ते मी निम्मं आयुष्य उपसून बघितलंय. गुरमीतनं भोक वीतभर वर पाडलं. दुपारच्या चहाला दोघं एकाच ताटलीतून बिस्किटं खात होते.

गॅसची लाइन आमच्या बेसमेंटमधल्या फर्नेसपासून काढावी लागली, त्यामुळे एक दिवस आमच्या स्वयंपाकघराचं छत उघडं होतं. वर भिंतीला भोक पडलं आणि अख्ख्या घरात नोव्हेंबर शिरला. मी काय चाललंय ते बघायला वर गेले तर काका ओव्हरकोट घालून त्या भोकासमोर उभे होते. बाहेरच्या पांढऱ्या उजेडाचा एक गोल त्यांच्या छातीवर पडला होता. म्हणाले, या भिंतीच्या पलीकडलं एवढ्या वर्षांत या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं.

इन्स्पेक्टर येऊन गेला. मग पहिल्यांदा पेटवायचा दिवस. नव्या फायरप्लेसचा रंग पहिल्या आगीत भाजून पक्का व्हावा लागतो, तोपर्यंत घरभर उग्र वास सुटतो आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. बाहेर उणे वीस. आम्ही सगळे जॅकेटं, हातमोजे घालून उघड्या खिडक्यांमध्ये बसलो आणि समोर आग ढणढणत होती. ईरा नाक दाबून "It stinks" म्हणत काकांच्या मांडीवर चढली. काकांनी फोनवर अक्काला तो सगळा देखावा दाखवला. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. आग पेटवून थंडीत कुडकुडणारे लोक मी आजच बघितले, म्हणाली.

त्या आठवड्यात काकांनी एक खुर्ची आणली. पाठ उंच, हात रुंद, बसायची जागा जरा वर, कारण अक्काच्या गुडघ्यांना खोल खुर्चीतून उठवत नसे. ती फायरप्लेसच्या डाव्या बाजूला ठेवली. स्वतःची जुनी खुर्ची उजवीकडे. रोज सकाळच्या कॉलला ते डावीकडच्या खुर्चीवर उशी उभी करून तिच्यावर फोन टेकवायचे, अक्काचा चेहरा आगीकडे करून. मग उजवीकडच्या खुर्चीत बसून ते पेपर वाचायचे आणि दोघं फारसं न बोलता तासभर बसायची. कधी तिकडे अक्काला डुलकी लागायची. काका कॉल बंद न करता पान उलटत राहायचे.

तिकीट काढून झालं होतं. माँट्रियलला राहणाऱ्या कुणा ओळखीच्या बाई तिला मुंबईहून सोबत करणार होत्या. मी अक्कासाठी बर्फात चालायचे बूट बघून ठेवले होते. निघायला आठवडा राहिला असताना एका सकाळी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन वर गेले. काका फोनसमोर, पण पेपर हातात नव्हता. मी परत फिरणार, तर त्यांनी हातानं बस म्हणून खूण केली. त्यांना तेव्हा खोलीत कुणीतरी हवं होतं, असं मला आज वाटतं.

अक्का म्हणत होती, "भालू, मी नाही येत रे आता."

काकांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"डॉक्टरनं नाही सांगितलं. डॉक्टर जा म्हणते. मीच विचार करून राहिली होती. तुझं घर मी पाहिलं. खुर्ची पाहिली. विस्तव पाहिला. आता तिथं येऊन मला काही झालं, तर तुला एकट्याला सारं करावं लागन, परक्या मुलखात. इथं निदान शेजारीपाजारी आहेत. तुझ्यावर ते नाही टाकायचं मला."

"मी करीन की," काका म्हणाले.

"करशील. म्हणूनच नाही येत."

मग काका उठले, रिमोट घेतला आणि म्हणाले, "ज्योत मोठी करू का जरा? दिसून राहिली ना नीट?" अक्का हो म्हणाली. त्यांनी ज्योत मोठी केली आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी खिचडी टेबलावर ठेवून खाली आले. त्या दिवशी वरून पावलांचा आवाज फार आला. ते नुसते या खोलीतून त्या खोलीत चालत होते.

दोघांचं भांडण झालं नाही. काका एका शब्दानंही तिला लागेल असं बोलले नाहीत. तो हिवाळा रोज सकाळी खुर्चीवर उशी, उशीवर फोन. नागपुरात मार्च तापायला लागला तरी अक्का पंख्याखाली बसून आग बघायची. मग मीच येतो, असं काका म्हणाले, तर तिनं सांगितलं की आता उन्हाळ्यात नको, तुझ्यानं सोसवणार नाही, दिवाळीला ये. काकांनी दिवाळीचं तिकीट काढलं.

अक्का ऑगस्टमध्ये गेली. दुपारच्या झोपेत. शेजारच्या मुलीचा फोन आला तेव्हा इथे पहाट होती. मी आवाज ऐकून वर गेले तर काका दात घासत होते. तोंड धुऊन, टॉवेलला हात पुसून, मग त्यांनी मला सांगितलं. अंत्यविधी व्हिडिओवर दाखवू का, असं शेजाऱ्यांनी विचारलं होतं. काकांनी नको म्हटलं. निखिलनं लगेचच्या फ्लाइट्स बघायला लॅपटॉप उघडला. कुठूनही गेलं तरी दोन दिवस लागणार होते.

"कशाला?" काका म्हणाले. "आता कुणाकडे जायचं?"

दिवाळीचं तिकीट त्यांनी कॅन्सल केलं. तेरा दिवस आम्ही जेवण वर पाठवत होतो. ते खायचे, भांडी घासून पायऱ्यांवर ठेवायचे. चौदाव्या दिवशी स्वतःच ग्रोसरीला गेले आणि आमच्यासाठी मोठं कलिंगड घेऊन आले.

थंडी आली तशी कानटोपी आली, शोव्हल आलं. फायरप्लेस मात्र पेटली नाही. नुसती बंद होती असं नाही. आत एक छोटी पायलटची ज्योत सतत जळत असते, तीसुद्धा त्यांनी विझवून गॅसचा कॉक फिरवून ठेवला होता. बाहेरून येताना मला भिंतीवरचं व्हेंटचं तोंड दिसायचं. आदल्या हिवाळ्यात तिथला बर्फ कायम वितळलेला असे. आता त्यावर पांढरी टोपी साचली होती. सकाळी वरून आवाज येत नसे. ईरानं एकदा विचारलं, "Why doesn't काका talk anymore?" मी म्हटलं, बोलतात की. ती म्हणाली, "Not loud."

जानेवारीतल्या एका रविवारी वीज गेली. दुपारची वेळ, बाहेर उणे बत्तीस आणि वारा. वीज गेली की फर्नेसचा पंखा बंद, म्हणजे घर गार पडायला सुरुवात. आमच्या भागातली एक मोठी लाइन तुटली होती आणि दुरुस्तीला रात्र होईल असं फोनवर कळलं. निखिल कामानं कॅलगरीला गेलेला. ईराला दोन दिवस ताप होता. बेसमेंटमधला आमचा श्वास दिसायला लागला तशी मी तिला रजईत गुंडाळून वर नेलं.

काका दार उघडून उभेच होते. कोट, कानटोपी, हातात टॉर्च. त्यांनी ईराच्या कपाळाला हात लावला. मग माझ्या हातात टॉर्च दिला आणि फायरप्लेससमोर उशी टाकून गुडघ्यांवर बसले. बसायला त्यांना वेळ लागला. खालचं झाकण काढलं, कॉक फिरवला, एका हातानं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं ठिणगीचं बटण दाबायला लागले. टक्. टक्. काही नाही. लाइन इतके महिने बंद होती, आत हवा भरली असणार, असं ते पुटपुटले. टक्. टक्. मी म्हटलं, काका, मी दाबू का? त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

निळी ज्योत लागली. ती टिकावी म्हणून बटण काही वेळ दाबूनच धरावं लागतं. काका ते धरून तसेच वाकून राहिले, कपाळ जवळजवळ लोखंडाला टेकलेलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. नंतर त्यांनी बटण सोडलं, ज्योत टिकली, आणि त्यांनी मोठी आग लावली. पिवळा उजेड खोलीभर झाला.

मी ईराला घेऊन जमिनीवरच बसायला लागले. "तिथे नको," काका म्हणाले. "तिथे जमीन गार आहे. खुर्चीत बसव तिला." त्यांनी दाखवलेली खुर्ची डावीकडची. मी थबकले. त्यांनी स्वतःच ती आगीच्या थोडी जवळ ओढली. उंच पाठीच्या त्या खुर्चीत ईरा रजईसकट मावली आणि जरा वेळात झोपून गेली.

त्या दुपारी काका बोलले. त्यांच्या लहानपणी परसात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. पहाटे अक्का तो पेटवायची. थंडीच्या दिवसांत भालूला उठवून, पुस्तक हातात देऊन बंबाशेजारी बसवायची, कारण घरात दुसरी उबेची जागा नव्हती, उजेडही नव्हता. ती ढलप्या घालत राहायची आणि हा मोठ्यानं वाचायचा. तिला स्वतःला चौथीनंतर शाळा सुटली होती. त्याचं सगळं पाठांतर तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं, मॅट्रिकचं भौतिकशास्त्रसुद्धा.

"मी आगीवर नोकरी केली ना," काका म्हणाले, "ज्वलनाचं पहिलं समीकरण मी तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, म्हणजे हवा पाहिजे एवढंच ना, मग सरक थोडा, तू वाट अडवून बसला आहेस."

ते हसले आणि हसताहसता त्यांनी कानटोपी काढून डोळ्यांवर धरली. मी आगीकडे बघत राहिले. संध्याकाळी मागच्या घरातलं एक म्हातारं युक्रेनियन जोडपं दार वाजवून आलं, त्यांच्या खिडकीतून त्यांना इथला उजेड दिसला होता. काकांनी त्यांना बसवलं. दिवे आले तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कुणीच लगेच उठलं नाही.

त्यानंतर काका रोज फायरप्लेस लावायला लागले, असं काही झालं नाही. ईरा वर गेली की ती "काका, fire" म्हणायची आणि ते लावायचे. ती खाली आली की बंद करायचे. एकट्यासाठी ती त्यांनी कधी पेटवली असेल असं मला वाटत नाही. पण पायलट त्यांनी पुन्हा विझवला नाही.

फेब्रुवारीत निखिलला ओटावाजवळ, कानाटामध्ये नोकरी लागली. आम्ही काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तिथली सरासरी थंडी किती असते ते सांगितलं, मग विंटर टायर्स इथेच विकू नका म्हणून सांगितलं. सामान ट्रकनं गेलं. निघायच्या दिवशी आम्ही टॅक्सी बोलावली तर काका तयार होऊन दारात उभे. एअरपोर्टला येतो म्हणाले. इतक्या लांब, परत कसे येणार, म्हणून आम्ही खूप सांगितलं. बस आहे, म्हणाले.

टॅक्सीत ते पुढे बसले आणि सगळ्या वाटेत एकदाच बोलले, ड्रायव्हरला रस्ता निसरडा आहे म्हणून. एअरपोर्टवर त्यांनी आमच्या बॅगा पट्ट्यावर चढवल्या. ईराला उचलायला गेले, पण ती आता जड झाली होती, मग नुसतं तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. मी वाकून नमस्कार केला. "जपून राहा," ते म्हणाले. "फोन कर. सकाळी कर, सकाळी मी मोकळा असतो."

सिक्युरिटीची रांग लांब होती आणि दोरीच्या वळणांमधून पुढेमागे जात होती. आम्ही दोन वळणं घेतली आणि मी मागे पाहिलं. काका काचेच्या कठड्याशी उभे होते, कानटोपी हातात, दुसरा हात उंच करून हलवत. मीही हात केला. पण ते आमच्याकडे बघत नव्हते. पलीकडच्या रांगेत ईराएवढ्याच एका मुलीला घेऊन एक जोडपं उभं होतं, काळी जॅकेटं घातलेलं, आमच्यासारखंच. काका त्यांना हात करत होते.

"He's waving at the wrong people," ईरा म्हणाली.

मी हाक मारली, पण तेवढ्या गर्दीत ती पोचली नाही. त्या बाईच्या एव्हाना लक्षात आलं होतं. तिनं इकडे तिकडे बघितलं, मग आपल्या मुलीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. त्या मुलीनं हात वर केला आणि काकांकडे बघून हलवला. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी कानटोपीसकट दुसराही हात वर केला. आमची रांग पुढे सरकली.